प्रेसशॉपमध्ये कान झाकायचे इलेक्ट्रॉनिक मफ: कुणी वापरलेत का?

पत्रेवाला • ११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

अंधेरी एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा ठोकून नग काढणाऱ्या प्रेसच्या खात्यात, मी पाळीचा सुपरवायझर आहे. हेल्पर म्हणून लागलो, मग ऑपरेटर, मग सेटर (प्रेसवर डाय, म्हणजे नगाचा साचा, चढवणारा). या जूनमध्ये सव्वीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात वार्षिक तपासणीत कानांचा आलेख काढला. डाव्या कानाची रेघ ४००० हर्ट्झच्या उंच पट्टीपाशी खड्ड्यात गेली आहे, उजव्याची थोडी कमी. डॉक्टर म्हणाले, हे आवाजाने झालंय, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा.

चाहूल आधीच लागली होती, मीच लक्ष दिलं नाही. पावसाळ्यात एकदा सेटर प्रेसजवळून ओरडला, "साठ निघाले, डाय उतरवतो." मी ऐकलं "आठ". वहीत ८ लिहिले आणि पुढच्या पाळीने बावन्न नग जास्तीचे ठोकले. पत्रा गेला त्याचं एवढं नाही. पण तेव्हापासून मी स्वतःला तपासत राहिलो आणि कळलं की माझ्या कानातून 'स' आणि 'श' गळतायत. लेक "शाळा" म्हणाली तर मला "आळा" पोचतं, बाकीचं मी तिच्या ओठांवरून जुळवून घेतो. लाइट गेले की तिचं अर्धं बोलणं कळत नाही.

आता मुद्द्याचं. कंपनी साधे मफ देते, कानात घालायचे फोमचे प्लगही देते. पाळीभर कुणीच लावत नाही, आणि मी त्यांना आळशी म्हणणार नाही. प्रेसवरचा माणूस कानाने काम करतो. पत्रा कापणारा पंच बोथट व्हायला लागला की ठोका जाड येतो. स्क्रॅप अडकला की बसका येतो. क्लच सरकायला लागला तर हात लावायच्या आधी कानाला कळतं. मफ लावला की हे सगळं पुसलं जातं. म्हणून पोरं एक कप कानामागे सरकवून ठेवतात. बरं, लावावा तर दुसरं संकट: दिवाळीच्या आधी मागे येणारी फोर्कलिफ्ट मफ लावलेल्या एका हेल्परला ऐकूच आली नाही. मी त्याचा शर्ट धरून ओढला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने मफ खुंटीला टांगला तो टांगलाच.

परवा नागदेवी स्ट्रीटला गेलो होतो. दुकानदाराने बॅटरीवर चालणारा मफ दाखवला. बाहेर माइक, आत स्पीकर. बोललेलं ऐकू येतं आणि मोठा आवाज दाबला जातो म्हणे. किंमत साध्या मफच्या दहापट. घरी येऊन शोधलं तर शेकडो प्रकार, "नॉइज कॅन्सलिंग" लिहिलेले दोन हजारांचे हेडफोनही त्यातच. हे सगळं एकच आहे का? मुंबईच्या घामात टिकतं का? आमच्यासारख्या कामाला उपयोग होतो का? वापरणाऱ्यांनी कृपया लिहा.

रानजाई • ११ नोव्हेंबर, रात्री १०:५२

'साठ'चं 'आठ' वाचून पोटात कालवलं. माझे बाबा पण "काय? काय?" करतात आणि आम्ही चिडतो. वाचतेय.

कर्णफूल • १२ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

पत्रेवाला दादा, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, असे आलेख रोज हातात येतात. जरा सविस्तर लिहिते.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा कॉक्लिया असतो. त्यात केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा ते सोळा हजार. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आवाजाचा मार पहिल्यांदा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्याला बसतो, म्हणून तुमचा खड्डा ४००० ला दिसतोय. 'स', 'श', 'फ', 'थ' या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग याच वरच्या पट्टीत असतो. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. त्यामुळे माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय, समोरचाच पुटपुटतोय.

आता उपकरणं. साधा मफ किंवा प्लग म्हणजे नुसता अडसर. सगळंच अडवतो, बोलणं आणि फोर्कलिफ्टसुद्धा.

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हा वेगळा प्राणी आहे. माइकने आलेला आवाज मोजून त्याच्या उलट लाट सोडायची आणि दोघांना एकमेकांत विरवायचं. ही कल्पना जुनी, पॉल ल्यूग या जर्मन माणसाला तिचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. बोस कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट १९८९ मध्ये विकायला काढला. ही युक्ती खालच्या पट्टीतल्या एकसुरी घरघरीवर चालते: विमान, एसी, रेल्वेचा डबा. प्रेसचा ठोका अचानक येतो आणि त्यात वरची पट्टी भरपूर असते. तिथे ती कमी पडते. शिवाय असल्या बहुतेक हेडफोनना कानरक्षक म्हणून प्रमाणपत्रच नसतं. दोन हजारांचा हेडफोन लावून प्रेसवर उभं राहू नका.

तुम्ही नागदेवीला पाहिलात तो तिसरा प्रकार, पातळी बघून चालणारा. बाहेरचा माइक हळू आवाज आत पोचवतो, थोडा वाढवूनही देतो. बाहेर आवाज चढला की सर्किट ते वाढवणं थांबवतं. बऱ्याच मॉडेलमध्ये स्पीकरमधून ८२ डेसिबलच्या वर काही सोडत नाहीत. युरोपात अशा मफसाठी ईएन ३५२-४ हे स्वतंत्र मानक आहे. एक गोष्ट मात्र पक्की धरा: इलेक्ट्रॉनिक्स आवाज अडवत नाही. अडवतो तो कपचा प्लास्टिक आणि कानाभोवती चिकटून बसलेली गादी. बॅटरी संपली तरी तो मफ साध्या मफइतकं काम करतो, आणि गादी फाटली तर नवी बॅटरी घालून काहीही होत नाही.

मग दहापट पैसे कशाचे? न काढण्याचे. हिशेब सांगते. डेसिबलच्या मापात दर ३ ला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास, ८८ ला चार, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास. समजा तुमचा मफ खरोखर ३० डेसिबल अडवतो. आठ तासांच्या पाळीत तो फक्त अर्धा तास काढला तर पाळीभराचं संरक्षण ३० राहत नाही, १२ वर येतं. कारण त्या अर्ध्या तासात कानात शिरलेला आवाज उरलेल्या साडेसात तासांच्या पंधरावा हिस्सा नाही, उलट साठपटीहून जास्त आहे. एक कप मागे सरकवलेल्या माणसाचं तर बोलायलाच नको.

म्हणून ज्याला कामात बोलावं लागतं, मशीन ऐकावी लागते, त्याच्यासाठी हे उपकरण खरंच कामाचं आहे. ज्याला लागत नाही त्याला नीट बसवलेला फोम प्लग पुरतो.

टिपरू • १२ नोव्हेंबर, दुपारी १:३०

ताई, नीट बसवलेला म्हणजे कसा? आम्ही पथकात ताशावाले कापूस घालतो. विसर्जनानंतर दोन दिवस कानात शीळ वाजते, मग जाते.

कर्णफूल • १२ नोव्हेंबर, रात्री ९:०५

टिपरू, ती शीळ म्हणजे कानाची तक्रार आहे. दर वर्षी "मग जाते" म्हणता म्हणता एक वर्ष ती जात नाही. साध्या कापसाने जेमतेम काही डेसिबल अडतात, त्यावर भिस्त ठेवू नका.

फोम प्लग असा घाला. हात स्वच्छ. प्लग बोटांत वळून वळून उदबत्तीसारखा बारीक करा, सुरकुती न पडता. दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. आत सरकवा आणि वीस-तीस सेकंद बोट लावून धरा, फुगेपर्यंत. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट ठेवून बघा. तळव्यांनी आवाज बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतले बहुतेक जण प्लग बूच लावल्यासारखा बाहेरच ठेवतात.

ताशासाठी इलेक्ट्रॉनिक काही नको. वादकांचे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळ्या पट्ट्या सारख्याच उतरवतात, त्यामुळे ताशाची कडकड आणि ढोलाचा ठेका दोन्ही कळतात, फक्त लांबून आल्यासारखे. सरावालाही घाला. सराव विसर्जनाच्या मिरवणुकीपेक्षा जास्त तास चालतो.

लालबागची_नात • १२ नोव्हेंबर, रात्री ११:४०

माझे आजोबा कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर, होते. १९८२ च्या संपापर्यंत साचेखात्यात. शेकडो साचे एका छपराखाली, तिथे बोलणं शक्यच नव्हतं. सगळी माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठांनी बोलायची. आजोबा खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला, खिडकीतून समोरच्या गॅलरीत कोण काय बोलतंय ते नुसतं बघून सांगायचे. लहानपणी आम्हाला ती जादू वाटायची. ते बहिरेपण आहे हे कुणी सांगितलं नाही, बहुतेक कुणाला माहीतही नव्हतं.

घरात ते खूप मोठ्याने बोलत. शेजारी म्हणत, तुमच्याकडे रोज भांडणं. आजी त्यांच्याशी बोलताना नेहमी समोर जाऊन हनुवटीला हात लावून तोंड आपल्याकडे वळवायची. मोतीबिंदू झाला तेव्हा ओठ दिसेनात, आणि त्यानंतर ते जवळजवळ गप्पच झाले. ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंतचे ते चार-पाच महिने मला अजून आठवतात.

पत्रेवाला काका, तुम्ही अंधारात लेकीचं बोलणं कळत नाही लिहिलंत, म्हणून हे लिहिलं. जे मिळेल ते कानाला लावा पण लावा.

नागदेवी_नाका • १३ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

मी या धंद्यातला माणूस. आमचं सेफ्टीच्या मालाचं दुकान आहे, म्हणून माझं म्हणणं त्या हिशेबाने घ्या.

इलेक्ट्रॉनिक मफला पूर्वी वर्षात दोन-चार विचारणारे यायचे. आता आठवड्याला कुणीतरी येतो. विमानतळावर ग्राउंड हँडलिंगची कामं घेणारे, मेट्रोच्या कामातले ठेकेदार, जनरेटर रूम सांभाळणारे, आणि कामगारांशी बोलत राहावं लागतं असे सुपरवायझर. जगात या वस्तूचा जुना मोठा ग्राहक म्हणजे अमेरिकेतले शिकारी आणि नेमबाज, त्यानंतर लष्कर. गिऱ्हाईक वाढलं त्याची कारणं मला दोन दिसतात. मोबाइलमुळे बोटाच्या नखाहून लहान माइक आणि त्यामागची चिप स्वस्त झाली. आणि ब्लूटूथ आलं. मफ काढून फोन घ्यायची गरज संपली, हे कंपन्यांना पटकन पटतं.

कंपन्याही हात बदलतायत. पेल्टर मूळची स्वीडनची, आता थ्रीएमकडे. हॉवर्ड लाइट हनीवेलकडे होती, हनीवेलने सेफ्टीच्या मालाचा तो सगळा धंदाच २०२५ मध्ये प्रोटेक्टिव्ह इंडस्ट्रियल प्रॉडक्ट्सला विकला. ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये एअरपॉड्स प्रो २ या कानात घालायच्या इअरफोनमध्ये सॉफ्टवेअरने मोठा आवाज कमी करण्याची सोय दिली, पहिल्यांदा अमेरिका-कॅनडात. म्हणजे जे काम मफवाले करत होते त्यात आता फोनवाले उतरलेत.

घेताना डब्यावरचा एनआरआर किंवा एसएनआर, म्हणजे किती आवाज अडतो तो आकडा, बघा. पहिला अमेरिकेचा, दुसरा युरोपचा, त्यांची एकमेकांशी तुलना करू नका. आकडाच नसेल तर ते खेळणं समजा. आणि तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा खात्याची कामावरची रीत अशी: एनआरआरमधून ७ वजा करा, उरलेल्याचे अर्धे करा. हॉवर्ड लाइटच्या इम्पॅक्ट स्पोर्ट या इलेक्ट्रॉनिक मफचा एनआरआर २२ आहे, म्हणजे हाती साडेसात धरा. साध्या फोम प्लगचे एनआरआर बऱ्याचदा ३० च्या आसपास असतात. हे ऐकून गिऱ्हाईक दचकतं, पण मी सांगतोच. महाग म्हणजे जास्त अडवणारा, असं अजिबात नाही.

दहा_पॉइंट_नऊ • १३ नोव्हेंबर, रात्री ८:२५

मी वरळीच्या रेंजवर .२२ पिस्तूल मारतो, इलेक्ट्रॉनिक मफ सहा वर्षं वापरतोय. .२२ लहान समजतात, पण गोळीचा क्षणाचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या पिस्तुलांचा त्याहून बराच वर. सरावात मला हा मफ लागतो तो रेंजवरच्या "थांबा"साठी. साध्या मफात ती आज्ञा चुकणं म्हणजे पुढे माणूस असताना गोळी सुटणं. स्पर्धेत मात्र साधाच लावतो, आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या नियमात रिसीव्हर असलेलं कानरक्षक नेमबाजाला चालत नाही.

एअरपॉड्सबद्दल: ॲपलने स्वतःच लिहिलंय की गोळीबार, फटाके, जॅकहॅमर असल्या ठोक्याच्या आवाजासाठी आणि ११० डेसिबलच्या वर सतत चालणाऱ्या आवाजासाठी ते नाहीत. पत्रेवाला, तुमचा प्रेस ठोक्यांचाच आहे.

मुंबईतलं सांगतो. एप्रिल-मेमध्ये गादीखाली घाम साचतो, कपडा घालून पुसावं लागतं. घामाने वरचं रेग्झिन वर्षभरात कडक होतं, मग चिरा पडतात. माइकवरचा स्पंज पावसाळ्यात ओला झाला की खरखर येते. बॅटऱ्या आत विसरलात तर गळतात आणि पट्टी हिरवी होते, माझा पहिला मफ असाच गेला. आणि चष्मा! जाड काडीचा चष्मा असेल तर गादी उचलली जाते आणि फटीतून आवाज सरळ आत. मी पातळ तारेच्या काडीचा चष्मा करून घेतला.

फार मोठ्या आवाजाला आतून फोम प्लग आणि वरून इलेक्ट्रॉनिक मफ, असं दोन्ही लावतो. स्पीकरचा आवाज वाढवला की प्लगमधूनही बोलणं कळतं.

दुसरा_मजला • १३ नोव्हेंबर, रात्री १०:५०

सगळं पटतंय, पण मला एक बोलायचंय. आवाज करणारा कुणी, आणि कानाला पैसे खर्चून झाकण लावायचं आपण? मी गिरगावात रस्त्यावरच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. या गणपतीत नातीसाठी लहान मुलांचे मफ विकत घेतले. ती नऊ महिन्यांची आहे. गॅलरीचं दार बंद, खिडक्या बंद, आणि बाळाच्या डोक्यावर तो पट्टा. तिने तो ओढून काढला, मी पुन्हा लावला, रात्रभर तेच.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सुमैरा अब्दुलअली आणि त्यांचं आवाज फाउंडेशन इतकी वर्षं मीटर घेऊन मोजतायत, कोर्टात जातायत. २०२० च्या सुमारास मुंबई पोलिसांनी काही सिग्नलना मीटर जोडले होते, हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला ती कल्पना फार आवडली होती, कारण भोगायचं ते हॉर्न वाजवणाऱ्याने. उपकरणांची बाजारपेठ वाढते आहे हे मला काही चांगलं लक्षण वाटत नाही.

नागदेवी_नाका • १४ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

ताई, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. पण रस्त्यावरचा आवाज कायद्याने बंद करता येतो, प्रेसचा ठोका कायद्याने कसा बंद करणार? पत्रा कापायचा तर आवाज येणारच.

जुना_फिटर • १४ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

येणारच, पण इतका येत नाही.

पत्रेवाला भाऊ, मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई बरोबर बोलतायत. कानाच्या आधी मशीनकडे जा. प्रेसशॉपमध्ये सगळ्यांना ठोका दिसतो. पण कानाचं खरं नुकसान बऱ्याचदा हवेची नळी करते. डायमधून नग उडवायला कॉम्प्रेसरची तांब्याची उघडी नळी लावलेली असते ना, ती? ठोका येतो आणि जातो. ती दिवसभर सुसाट वाजते, आणि तिची किंचाळी नेमकी वरच्या पट्टीतली, कर्णफूलताईंनी लिहिलेली. नळीच्या तोंडाला सायलेन्सर नोझल लावा, हवेचा दाब लागेल तेवढाच ठेवा. हवा कमी लागते म्हणून कॉम्प्रेसरचं वीजबिलही उतरतं, मालकाला हे आधी सांगा.

दुसरं, स्क्रॅपची घसरगुंडी. पत्र्यावर पत्रा पडतो तो नुसता नगारा. आतून जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे बोल्ट करून टाका. तिसरं, प्रेसखालचे रबरी पॅड तपासा, बहुतेक दबून दगड झाले असतील.

हे करून मग जे उरेल त्याला मफ.

कर्णफूल • १४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

फिटरकाकांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्या पुस्तकातही क्रम हाच आहे, मफ सगळ्यात शेवटी. आवाजाने आलेलं बहिरेपण कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये आहे, आणि नुकसानभरपाईच्या कायद्यातही आहे. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा धरतात, निओशच्या ८५ पेक्षा ती सैल आहे. म्हणजे नियम पाळूनही काही कान जाणार. तेव्हा ९० ला समाधान मानू नका.

कुणाला तपासणी करायची असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून. महापालिकेच्या नायर रुग्णालयातही विभाग आहे.

रानजाई • १५ नोव्हेंबर, सकाळी ८:००

एक शंका. हा मफ हळू आवाज वाढवून देतो, तर बाबांना घरी ऐकायला यंत्रासारखा वापरता येईल का? श्रवणयंत्रापेक्षा खूप स्वस्त पडतो.

कर्णफूल • १५ नोव्हेंबर, रात्री ८:४०

नको. मफ सगळ्या पट्ट्या सरसकट वाढवतो. बाबांना बहुधा वरच्याच पट्ट्या हव्या असतील, त्याही डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळ्या मापाने. श्रवणयंत्र आलेख बघून बसवतात. आधी आलेख काढा. आणि तोवर त्यांच्याशी समोरून, उजेडात, एकेक वाक्य बोला. ओरडू नका, ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच राहतात.

पत्रेवाला • ९ जानेवारी, रात्री १०:०५

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितोय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून मालकांना दाखवले.

फिटरकाका, तुम्ही म्हणालात ते अक्षरशः खरं निघालं. रविवारी शॉप बंद असताना मी आणि मेंटेनन्सचा पोरगा, दोघांनी नुसती हवेची नळी चालू करून बघितली. प्रेस बंद, आणि तरी कान झाकावेसे वाटले. सव्वीस वर्षं मी तो आवाज प्रेसचा समजत होतो. चार प्रेसना नोझल लावले, घसरगुंडीला बेल्टचे तुकडे ठोकले. मोबाइलच्या मीटरवर ऑपरेटरच्या कानाजवळचा आकडा पाच-सहा डेसिबलने उतरला. मोबाइलवर फार विश्वास नाही, पण फरक शॉपमध्ये पाऊल टाकताच कळतो.

इलेक्ट्रॉनिक मफ फक्त तीन घेतले: दोन्ही सेटर आणि मी. बाकी सगळ्यांना प्लग, आणि कर्णफूलताईंनी लिहिलंय तसं एकेकाला समोर बसवून घालायला शिकवलं. वीस-तीस सेकंद धरायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. फोर्कलिफ्टला मागे जाताना फिरणारा पिवळा दिवा बसवला, म्हणजे कानावर विसंबायला नको.

मफचा अनुभव. पहिले दोन दिवस विचित्र वाटलं. माझ्याच पावलांचा आवाज, कागदाची सळसळ, लांबच्या नळाचं थेंब थेंब, आणि ठोका मात्र कापसात गुंडाळल्यासारखा. दिशा नीट कळत नाही, डावीकडची हाक मागून आल्यासारखी वाटते. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरच्या प्रेसवर पंच बोथट झाल्याचं मला मफ लावूनच कळलं. मी ऑपरेटरकडे जायच्या आधी सेटर निघाला होता, त्यालाही कळलं होतं. त्यानंतर त्याने मफ काढायचं नावच घेतलं नाही. चष्म्याचा त्रास मला होतोय, पातळ काडीचा करायला टाकलाय.

खुंटीला मफ टांगलेला तो हेल्पर आता प्लग घालतो. दिवा बसवल्यावर स्वतःहून मागायला आला.

पुढच्या आठवड्यात कान पुन्हा तपासायचे आहेत. काही पथ्य?

कर्णफूल • १० जानेवारी, सकाळी ७:२०

वाचून फार बरं वाटलं, दादा. तपासणीच्या आधी किमान चौदा तास मोठ्या आवाजापासून लांब राहा, नाहीतर कान थकलेले असतात आणि आलेख खराब येतो. सोमवारी सकाळी पाळीच्या आधी जा. रविवारी रात्री लग्न, वरात, बँड काही नको. मळ काढायला स्वतः काडी घालू नका.

पत्रेवाला • १० जानेवारी, रात्री ९:५०

सोमवारी सकाळी सातची वेळ घेतली आहे. रविवारी घरीच.

आज सेटरने मफ लावूनच हाक दिली, "साठ." मला 'स' आला की मी तो अंदाजाने लावला, खात्री नाही. मी वहीत ६० लिहून वही त्याच्यासमोर धरली. त्याने मान हलवली, मग मी खाली सही केली. आता दर वेळी असंच करायचं ठरवलंय.